काळ्या खडकांतील सूचिपर्णी वृक्ष

सूचिपर्णी वृक्ष म्हटला कीं देवदार आठवतो आणि देवदाराबरोबर हिमालय. पांझरेकांठच्या देवपुराशीं अशा वृक्षाचा काय संबंध, असें कोणासही वाटेल. परंतु ह्या गांवाखालचा काळा खडक म्हणजे सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं वारंवार उसळलेला व थिजलेला लाव्हारस होय. दोन उद्रेकांमध्यें दीर्घ विसावा मिळे. तेव्हां तळीं सांचत, रानें वाढत आणि पुढच्या लोंढ्याखालीं गाडलीं जात. नागपूरजवळील टाकळीच्या अशाच थरांतील एका दगड झालेल्या शंकूचें वर्णन बिरबल साहनी ह्यांनीं १९३१ सालीं केलें. तो सूचिपर्णी वर्गांतील ठरवून त्यास त्या गांवावरून ‘टाक्लिओस्ट्रोबस’ हें नांव दिलें.

आज दक्षिण भारतांत आपोआप उगवणारा ह्या वर्गांतील वृक्ष एकच, नागेया. तो सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील ओल्या अरण्यांत आढळतो. आणि नवल असें कीं, त्याचीं पानें सुईसारखीं नसून रुंद असतात. उलट कोंकणकिनाऱ्याचा सुरू सूचिपर्णी भासतो खरा, पण तो सपुष्प वृक्ष आहे.

म्हणून विहीर खणतांना दोन काळ्या थरांमध्यें गाळाच्या दगडाचा पट्टा लागल्यास तो फेंकण्यापूर्वीं जाणत्यास दाखवावा. एखाद्या लुप्त अरण्याचा तेवढाच पुरावा उरलेला असावयाचा.