कमरेला पाणी म्हणजे किती?

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी एकच गोष्ट विचारतो: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय? रामकुंडाजवळची ही मूर्ती म्हणजे शहराची पूरपट्टी. गुडघा, कंबर, छाती, गळा, ही तिची मापं. कंबर बुडाली की काठावरचे दुकानदार माल वर चढवायला लागतात. जवळच नारोशंकराचं देऊळ आहे. 1739 साली वसई जिंकल्यानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. तिला पाणी लागलं म्हणजे महापूर, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

मी दिवसभर डेटाबेस सांभाळतो. त्या नजरेने पाहिलं, तर या व्यवस्थेत इशारा आहे आणि तो सगळ्यांना कळतो. नाही ती नोंद. 1969 आणि 2008 चे पूर लोकांच्या बोलण्यात आहेत, पण 'कमरेला पाणी' म्हणजे समुद्रसपाटीपासून किती मीटर, आणि ते किती वाजता, हे बोलण्यातून कळत नाही.

दुसरीकडे सरकारी आकडा येतो: गंगापूर धरणातून इतके क्युसेक, होळकर पुलाखालून इतके. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. पण पात्रात काँक्रीट ओतलं, काठ आवळले, की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. म्हणजे मारुती तोच, पण त्याच्या कमरेचा अर्थ बदललेला.

कैरोजवळ रोडा बेटावर नाईल मोजायचा खांब आहे. आजचं बांधकाम 861 सालचं. पाणी किती चढलं यावर तिथे सारा ठरायचा, म्हणून नोंदी जपल्या गेल्या. शेकडो वर्षांच्या त्या आकड्यांवरून हॅरॉल्ड हर्स्ट यांनी 1951 मध्ये दाखवलं की ओली आणि कोरडी वर्षं झुंडीने येतात. धरण किती मोठं हवं, हे नुसत्या सरासरीवरून ठरवता येत नाही. दहा-वीस वर्षांच्या नोंदींतून हे दिसलंच नसतं.

आपल्याकडे 1995 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला. पाऊस, नदीची पातळी, भूजल यांचे रजिस्टरांत पडून असलेले आकडे तपासून संगणकात भरणं, हे त्यातलं मोठं काम. महाराष्ट्राच्या या कामाचं मुख्य ठिकाण नाशकातच, दिंडोरी रोडवर आहे. उद्घाटनाची फीत कापता येईल असं हे काम नाही, पण धरणाचे दरवाजे कधी उघडायचे हे अशाच नोंदींवर ठरतं.

आणि तुमचा फ्लॅटसुद्धा. नदीकाठी निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकून निवांत होऊ नका. याचा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती साधारण 26 टक्के होते. नोंदी तोकड्या असतील तर रेषाच चुकीच्या जागी पडते, आणि हप्ते भरणारा माणूस पाण्यात राहतो.

दर पावसाळ्यात हजारो मोबाइल मारुतीचे फोटो काढतात. मूर्तीच्या प्रत्येक खुणेची उंची एकदा नीट मोजून जाहीर केली, तर वेळ नोंदलेला प्रत्येक फोटो पातळीची नोंद ठरेल. आकडा मारुतीच्या भाषेत सांगता आला, तर तो घाटावरच्या माणसालाही कळेल.