जुना गेम कन्सोल नव्या टीव्हीवर नीट का दिसत नाही? चित्रसंकेतांच्या इतिहासातून दोषशोध

प्रस्तावना

१९८० किंवा १९९०च्या दशकातला व्हिडिओ गेम कन्सोल आजच्या सपाट पडद्याच्या टीव्हीला जोडून पाहा. बहुधा चारपैकी एक गोष्ट घडते. पडदा काळाच राहतो. चित्र येते पण कृष्णधवल. चित्र थरथरते किंवा त्याच्या कडा करवतीसारख्या दिसतात. किंवा सगळे ठीक दिसते, पण बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते. घरातले म्हणतात, 'मशीन गेलं', आणि चालू स्थितीतले यंत्र भंगारात जाते.

यंत्र पुष्कळदा ठणठणीत असते. चित्र पाठवणारा आणि ते घेणारा यांच्यात काही करार ठरलेले असतात. त्यांनाच आपण मानके म्हणतो. कन्सोल त्याच्या काळातला करार पाळत असतो, टीव्ही आजचा. म्हणून दोष शोधताना 'काय बिघडले?' याच्या आधी 'कोणत्या वर्षीचा करार इथे मोडला?' असे विचारा.

१. १९४१ : रेषा आणि फील्ड

अमेरिकेत १९४१ साली कृष्णधवल दूरचित्रवाणीचे मानक ठरले: ५२५ रेषा आणि सेकंदाला ६० फील्ड. फील्ड म्हणजे अर्धे चित्र. आधी एकाआड एक रेषा काढायच्या, मग उरलेल्या रेषा त्यांच्या मधल्या जागेत भरायच्या. प्रत्येक फील्डमध्ये २६२.५ रेषा असतात. ही अर्धी रेषा लक्षात ठेवा. तिच्यामुळेच दुसरे फील्ड पहिल्याच्या फटींमध्ये बसते. ६० हा आकडा तिथल्या ६० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याशी जुळवलेला होता.

२. १९५३ : रंग आला, पण जुने संच चालू राहिले

१९५३मध्ये अमेरिकेने रंगीत प्रसारणाचे एनटीएससी मानक मंजूर केले. लोकांच्या घरातले कृष्णधवल संच निकामी होऊ द्यायचे नव्हते. म्हणून प्रकाशाची माहिती जुन्याच पद्धतीने ठेवली आणि रंगाची माहिती सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झच्या उपवाहकावर त्याच संकेतात मिसळली. रंगाचा उपवाहक आणि ध्वनीचा वाहक यांच्या भांडणातून पडद्यावर नक्षी उमटू नये, यासाठी फील्डचा वेग ६०वरून ५९.९४वर आणला.

प्रकाश आणि रंग एकाच तारेतून नेणारी पिवळी काँपोझिट पिन ही याच निर्णयाची पुढची पिढी. आज अनेक टीव्हींवर पिवळ्या पिनेसाठी वेगळी जागा नसते. हिरव्या खाचेतच ती लावायची असते. तिथे टीव्ही 'काँपोनंट' स्थितीत राहिला, तर तो त्या खाचेतून फक्त प्रकाशाची माहिती घेतो. परिणामी चित्र कृष्णधवल आणि त्यावर बारीक ठिपक्यांची जाळी. ते ठिपके म्हणजे न वाचला गेलेला रंगाचा उपवाहक. १९५३मध्ये जुन्या संचांना सांभाळून घेतले, म्हणूनच आज निदान कृष्णधवल तरी दिसते. उपाय सोपा आहे: इनपुटच्या यादीत 'एव्ही' निवडा.

३. पाल आणि भारत

जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीत वॉल्टर ब्रुख यांनी पाल पद्धत विकसित केली. १९६७पासून पश्चिम जर्मनी आणि ब्रिटनमध्ये तिच्यावर रंगीत प्रसारण सुरू झाले. ६२५ रेषा, ५० फील्ड, आणि रंगाचा उपवाहक सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झ. भारतात दूरचित्रवाणी दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली आणि १९८२मध्ये रंगीत झाली. आपण पाल स्वीकारले.

म्हणून अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला कन्सोल फक्त पाल समजणाऱ्या भारतीय संचावर बेरंग दिसे. रंग वेगळ्याच वारंवारतेवर असे. अँटेनाच्या खाचेतून जोडल्यास आणखी एक अडचण येई. चित्र आणि ध्वनी यांच्या वाहकांतले अंतर तिकडे ४.५ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे ५.५. त्यामुळे चित्र सापडले तरी आवाज सापडत नसे. याउलट पाल आवृत्तीचे अनेक खेळ ५० फील्डमुळे सुमारे १७ टक्के संथ चालत.

४. १९८३ : कन्सोलची युक्ती

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. त्याचे चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचे. त्याच्या रचनाकारांनी प्रत्येक फील्डमध्ये २६२.५ऐवजी पूर्ण २६२ रेषा पाठवल्या. अर्धी रेषा गेली, म्हणून प्रत्येक फील्ड आधीच्याच जागी पडू लागले. थरथर नाही, आणि सेकंदाला ६० पूर्ण चित्रे. यालाच आज '२४०पी' म्हणतात. त्या काळातले इतर अनेक कन्सोलही हेच करत.

हे मानकात बसत नव्हते, तरी चालले. पिक्चर ट्यूब काही मोजत नसे. समकालन स्पंद आला, की पुढची रेषा काढायची, एवढेच तिला ठाऊक.

५. डिजिटल टीव्ही

एचडीएमआयचे पहिले मानक डिसेंबर २००२मध्ये आले. सपाट पडद्याला ठरावीक संख्येचे ठिपके असतात. त्यामुळे येणारे चित्र आधी साठवायचे, ओळखायचे आणि मोठे करायचे, मग दाखवायचे, असा क्रम आला. इथे २४०पी अडखळते. अनेक टीव्ही त्याला ४८० रेषांचे गुंफलेले चित्र समजतात आणि दोन स्वतंत्र चित्रे एकमेकांत विणतात. करवती कडा तिथून येतात. पात्राची सावली एकाआड एक चित्रात दाखवून पारदर्शक भासवण्याची युक्ती जुन्या खेळांत होती. ती सावली मग पट्ट्यापट्ट्यांची दिसते किंवा गायबच होते. साठवण्यात वेळ जातो, म्हणून बटणाला उशीर. एका चित्राचा वेळ सुमारे १६.७ मिलिसेकंद, अशी तीन-चार चित्रे अडली तरी हाताला कळते.

प्लेस्टेशनवरच्या 'क्रोनो क्रॉस'सारख्या खेळात यादी उघडली, की चित्र २४०पीवरून ४८०वर जाते. तेव्हा काही रूपांतरक बदल समजून घेईपर्यंत क्षणभर काळा पडदा दाखवतात.

६. दोषशोधाचा क्रम

• काळा पडदा: कन्सोल अँटेनाच्या तारेने जोडला असेल, तर टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनर आहे का ते पाहा. असल्यास अ‍ॅनालॉग शोध लावा. नसल्यास कन्सोलचा काँपोझिट मार्ग वापरा.
• नुसती पिन बदलणारी स्वस्त तार एचडीएमआयला चालत नाही. अ‍ॅनालॉग संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारे मंडल मध्ये हवेच.
• संगणकाच्या जुन्या मॉनिटरला व्हीजीएची (१९८७) सुमारे ३१.५ किलोहर्ट्झ रेषा-वारंवारता लागते, कन्सोल सुमारे १५.७ देतो. रेषा दुप्पट करणारे साधन हवे.
• कृष्णधवल: आधी इनपुटची निवड, मग पाल-एनटीएससीची निवड तपासा.
• करवती कडा: २४०पी ओळखणारा रूपांतरक वापरा. खुल्या आराखड्याचा 'ओएसएससी' रेषा येतील तशा दुप्पट करतो, पूर्ण चित्र साठवत नाही; म्हणून त्याचा उशीर नगण्य असतो. मात्र त्याने दिलेला संकेत टीव्हीने स्वीकारायला हवा.
• उशीर: टीव्हीचा 'गेम' मोड लावा.

एकच गोष्ट यातल्या कशानेही सुटत नाही. 'डक हंट'ची (१९८४) बंदूक पिक्चर ट्यूबच्या प्रकाशाच्या वेळेवर अवलंबून होती. सपाट पडद्यावर ती नेम ओळखत नाही.

समारोप

प्रत्येक लक्षणामागे तुम्हाला एक निर्णय दिसला: १९४१चा, १९५३चा, १९६७चा, १९८३चा. त्या-त्या वेळी प्रत्येक निर्णय शहाणपणाचाच होता. उद्या तुम्ही एखादे उपकरण घडवाल, तेव्हा मानकाबाहेरची एखादी सोयीची युक्ती तुम्हालाही सुचेल. ती जरूर वापरा, पण नोंदवून ठेवा. चाळीस वर्षांनी कुणाला तरी ती उलगडावी लागेल.

स्वाध्याय

१. फील्डमध्ये २६२.५ऐवजी २६२ रेषा ठेवल्यास चित्रात काय बदलते? आकृती काढून स्पष्ट करा.
२. एनटीएससी कन्सोल, पाल संच: चित्र आहे, रंग नाही, आवाज नाही. दोन्हींची कारणे स्वतंत्रपणे लिहा.