हवा कुणाच्या बापाची?

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये नेहमीचा वाद झाला. मॅच बघायची तर अमुक ॲपचं सबस्क्रिप्शन घ्या, तमुकचं रिचार्ज करा. एक मित्र वैतागून म्हणाला, "सरकारने सगळ्या मॅचेस फुकट दाखवायला पाहिजेत." दुसरा म्हणाला, "म्हणजे परत दूरदर्शनचं राज्य आणायचं का?" मी चहा संपवून जागेवर आलो, पण डोक्यात हीरो कप घुसला तो घुसलाच. शनिवार-रविवार त्यातच गेला.

तर मंडळी, 24 नोव्हेंबर 1993. ईडन गार्डन्स, सेमीफायनल. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरमध्ये 6 रन हवेत आणि अझर बॉल देतो सच्याच्या हातात! सच्याने 3 रन दिले, आपण 2 रनांनी जिंकलो. आमच्या शेजारच्या काकांनी आनंदाच्या भरात टीव्हीवरचा फ्लॉवरपॉट पाडला होता. तीन दिवसांनी फायनलला कुंबळेने 12 रनांत 6 विकेट काढल्या. हे सगळ्यांना पाठ आहे. पण ही स्पर्धा टीव्हीवर दिसणार की नाही यासाठी त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टात जावं लागलं होतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं!

झालं असं. स्पर्धा भरवत होती बंगाल क्रिकेट असोसिएशन. त्यांनी प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल ह्या परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शन भडकलं. भारताच्या भूमीवरून प्रक्षेपण करायचा अधिकार आमचाच, हा त्यांचा पवित्रा. कंपनीची उपकरणं कस्टम्सने अडवली. प्रकरण कलकत्ता हायकोर्टात गेलं, तिथून सुप्रीम कोर्टात. 15 नोव्हेंबरला, म्हणजे स्पर्धा चालू असतानाच, कोर्टाने अंतरिम आदेश दिला आणि आपल्याला सच्याची ती ओव्हर बघायला मिळाली.

आता सरकारच्या हातात हुकमाचा पत्ता कोणता होता? भारतीय तार कायदा, 1885! त्याच्या कलम 4 नुसार 'तार' चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा, बाकीच्यांनी लायसन्स मागायचं. मार्कोनीने बिनतारी प्रयोग केले ते त्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे कायदा आधी आणि रेडिओ नंतर. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, उपग्रह आला, आणि सगळ्यांना त्याच कायद्याच्या व्याख्येत कोंबलं. आमच्या धंद्यात ह्याला लिगसी कोड म्हणतात. मूळ लिहिणारा केव्हाच गेला, हात लावायची कुणाची हिंमत नाही, वरून नुसते पॅच.

गंमत म्हणजे तोपर्यंत आकाश फाटलेलं होतंच. 1991 च्या आखाती युद्धात सीएनएन लोकांनी डिश लावून पाहिलं, त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार आलं, 1992 मध्ये झी. सिग्नल बाहेरून येतोय म्हटल्यावर कलम 4 काय करणार? गच्चीगच्चीवरून केबलवाल्याच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या. त्या केबलवाल्यासाठीसुद्धा कायदा आला तो थेट 1994-95 मध्ये. परदेशातून कार्यक्रम पाठवला तर चालतो, पण देशातल्या माणसाने देशातून पाठवला तर गुन्हा... असा सगळा मामला.

अंतिम निकाल लागला 9 फेब्रुवारी 1995 ला. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. होय, पुढे महाराष्ट्रात मंत्र्यांवरच्या आरोपांची चौकशी करणारा सावंत आयोग नेमला गेला, तेच हे. सोबत न्या. मोहन, आणि वेगळं निकालपत्र न्या. जीवन रेड्डी यांचं. निकालाचा गाभा दोन-तीन वाक्यांत सांगता येतो. रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. माहिती देण्याचा आणि मिळवण्याचा हक्क अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतो, त्यामुळे सरकारची मक्तेदारी चालणार नाही. पण लहरी मर्यादित आहेत, म्हणून त्या पैसेवाल्यांच्या हवाली करणंही चालणार नाही. मग नियंत्रण कुणी करायचं? समाजाच्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व असलेल्या स्वतंत्र, स्वायत्त संस्थेने. अशी संस्था सरकारने ताबडतोब उभारावी, असंही कोर्टाने सांगितलं.

इथे लोक चुकतात. हा निकाल म्हणजे 'खाजगी चॅनेल्सना मोकळं रान' असं समजतात. तसं नाहीये. कोर्टाच्या डोळ्यासमोर होता तो प्रेक्षक. ना मंत्री, ना शेठजी.

पुढे काय झालं? प्रसार भारती कायदा 1990 पासून धूळ खात पडला होता, तो 15 सप्टेंबर 1997 ला लागू झाला. त्याच वर्षीचं प्रसारण विधेयक बारगळलं. 2004 मध्ये प्रसारणाचं काम ट्रायकडे आलं, पण ते दर आणि जोडण्यांपुरतं. आशयाची चावी मंत्रालयाच्याच खिशात राहिली. खाजगी एफएमवर गाणी वाजवा, गप्पा मारा, पण बातम्या नकोत. 2011 च्या धोरणात सूट मिळाली ती आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावण्याची. आणि 2007 मध्ये चक्र उलटं फिरलं. हक्क खाजगी कंपन्यांकडे, आणि महत्त्वाच्या मॅचेसचा सिग्नल प्रसार भारतीला द्यायलाच हवा, असा कायदा करावा लागला! 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यालाही हद्द घातली: हा सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या अँटेनावर आणि स्वतःच्या डीटीएचवर दाखवावा, केबलवाल्यांमार्फत वाटू नये.

शेवटी 2023 मध्ये दूरसंचार कायदा आला आणि 1885 चा म्हातारा निवृत्तीला निघाला. नव्या कायद्याचं कलम 4 बघा (योगायोगाने तेही चारच!). त्यात केंद्र सरकार हे लोकांच्या वतीने स्पेक्ट्रमचं मालक आहे, असं म्हटलंय. 'लोकांच्या वतीने' हे शब्द थेट कायद्यात आले, बरं वाटलं. पण वतीने वागतोय की नाही हे तपासणारा, सरकारपासूनही दूर आणि शेठपासूनही दूर असा तिऱ्हाईत, जो सावंतांनी मागितला होता, तो तीस वर्षं उलटली तरी आलेला नाही.

म्हणून कँटीनमधल्या त्या दोघांनाही माझं सांगणं एकच. "सरकारने दाखवावं की कंपनीने" हा प्रश्नच अर्धा आहे. घर आपलं आहे, भाडेकरू बदलत राहतील. वांधा एवढाच, की आपल्या वतीने भाडं ठरवणारा आणि भाडेकरूवर लक्ष ठेवणारा माणूस आपण कधी नेमलाच नाही.

असो. सोमवारी सकाळी रिलीज आहे, त्यामुळे इथेच थांबतो. तुमच्या घरात हीरो कपला काय फुटलं होतं, ते जरूर कळवा.