मान वर करा, बोरीबंदर आलं

साल 1888, मे महिना, सकाळचे साडेसात. घोड्यांची ट्राम नाक्यावर थांबते आणि तुम्ही उतरता. समोर जे उभं आहे ते पाहायला डोक्यावर ओझं घेतलेले हमालसुद्धा क्षणभर थबकताहेत. 1878 साली इथे काम सुरू झालं. दहा वर्षं मुंबईकरांनी इथे बांबूच्या परांच्या आणि दगडांचे ढीगच पाहिले. आता परांच्या उतरल्या आहेत. दगड कोरा आहे, धुराचा थर अजून बसायचाय, आणि भिंतींचा पिवळसर रंग कोवळ्या उन्हात लख्ख दिसतोय. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली म्हणून गेल्या वर्षी स्टेशनला तिचं नाव दिलं गेलं. ट्रामचा कंडक्टर मात्र अजून ‘बोरीबंदर’ म्हणूनच ओरडतो.

घुमटाकडे पाहू नका, तो सगळेच पाहतात. त्याच्या टोकावरची मशाल उंचावलेली ‘प्रगती’ आणि फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ ही थोरली शिल्पं टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. वाघापुढे मात्र जरा थांबा. साम्राज्याच्या दारावर बसवला असला, तरी तो कुठे दबलेला वाटत नाही. त्याचा खांबही सिंहाच्या खांबाइतकाच उंच आहे. मला विचाराल तर दोघांत तोच जास्त जिवंत आहे.

आता भिंतीजवळ या आणि मान वर करा. कमानीच्या वरच्या अर्धगोलात मोर आहे. पिसारा पूर्ण फुललेला, इतका की कमानीची कड आणि पिसाऱ्याची कड एकच झाली आहे. हाताखालच्या कारागिराला अर्धगोल जागा मिळाली आणि त्यानं ती मोराला देऊन टाकली. पिसाऱ्यातला एकेक डोळा मोजून घ्यावा इतका ठसठशीत आहे. हा दगड पोरबंदरहून जहाजानं आला आहे. तो चुनखडीचा आणि टाकीला मऊ, म्हणून बारीक नक्षीकामाला तोच निवडला. भिंतीचा अंगभर दगड मात्र इथल्याच खाणींतला.

मोर दिसला की नजर आपोआप शोधायला लागते. पानांच्या नक्षीत माकडं दडली आहेत, घुबड आहे, खार आहे. गॉथिक इमारतींवर तोंड वासून पुढे झुकलेली जनावरं असतात, त्यांना गार्गॉइल म्हणतात. युरोपातल्या चर्चमध्ये छपरावरचं पाणी त्यांच्या तोंडातून बाहेर पडतं. तुम्ही तर देवळाच्या मकरमुखातून अभिषेकाचं पाणी पडताना लहानपणापासून पाहत आला आहात, तेव्हा ही कल्पना तुम्हाला नवी नाही. गोल चौकटींतले चेहरेही बघून घ्या. ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांचे आहेत आणि त्यांत आपले नाना शंकरशेट आहेत, जमशेटजी जीजीभॉय आहेत. 1853 साली याच बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, तेव्हा त्या खटपटीत हे दोघे होते.

मग ही छोटी जनावरं कोणी कोरली? त्यासाठी काळ अजून दोनतीन वर्षं मागे न्या आणि हॉर्नबी रोडनं उत्तरेकडे, सर जे. जे. कला शाळेकडे चाला. उजवं-डावं करायची गरज नाही, क्रॉफर्ड मार्केट दिसलं की पोचलातच. त्याच्या दारावरचे शेतकऱ्यांचे कोरीव पट्ट लॉकवुड किपलिंग यांचे. आतल्या कारंज्यावरही त्यांच्या हाताची पाखरं-जनावरं आहेत. हे किपलिंग 1865 ते 1875 या शाळेत शिकवत होते, आणि त्यांचा मुलगा रुडयार्ड याच आवारात जन्मला. तुम्ही येता तेव्हा बाप लाहोरला जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. शाळा आता जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाती आहे.

दार उघडं आहे. आत या. ओल्या मातीचा वास आहे, भिंतीशी प्लॅस्टरची साचेबंद पानं टांगली आहेत. खिडकीपाशी सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा मातीत माकड घडवतोय. माकडाचा हात त्यानं तीनदा मोडून पुन्हा लावला आहे, कारण फांदी धरताना बोटं कशी वळतात ते त्याला नीट साधत नाही. शेवटी तो उठतो, स्वतःच खिडकीचा गज धरतो आणि आपल्या बोटांकडे पाहत राहतो. मग बसून कामाला लागतो. त्याचं नाव तुम्ही विचारता, तो सांगतोही. पण ते नाव त्या इमारतीवर कुठेही कोरलं जाणार नाही.

मला सांगायचंय ते हेच. स्टेशनचा सांगाडा इंग्रज वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, त्याची कमानदार घडण युरोपातली. पण अंगावरची जनावरं आपल्या परसातली आहेत. ती निरखून काढणारे हात या शाळेतल्या मुलांचे होते. याच शाळेचे विद्यार्थी 1872 ते 1885 या काळात ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत. अजिंठ्यातले हत्ती, हंस, माकडं कागदावर उतरवून आलेल्या शाळेला मुंबईच्या भिंतीवर मोर कोरणं परकं का वाटावं? म्हणून ही इमारत नुसती इंग्रजी म्हणून सोडून देणं मला पटत नाही. 2004 साली युनेस्कोनं ती जागतिक वारसा ठरवली, तेव्हा त्या मानात या निनावी मुलांचाही वाटा होता.

चला, पुन्हा 1888 मध्ये या आणि दक्षिणेकडे निघा. स्टेशनसमोर महापालिकेसाठी राखलेली जागा अजून रिकामी आहे. तिथली इमारतही स्टीव्हन्सच बांधतील, ती 1893 ला पुरी होईल. किल्ल्याच्या भिंती पाडून पंचवीस वर्षं होत आली, त्या मोकळ्या पट्ट्यावरच हे नवं शहर उठलं आहे. ओव्हलच्या कडेला राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावानं बांधलेला, 280 फुटी. त्याच्या अंगावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, आणि ते घडवणाऱ्याचं नाव मात्र टिकलं आहे: रावबहादूर मुकुंद रामचंद्र. खालून मान दुखेपर्यंत बघा, तेवढ्यासाठी हा फेरा सार्थ आहे.

शेजारीच हायकोर्ट. कर्नल जेम्स फुलर यांनी आखलेली ही इमारत 1878 पासून उभी आहे. इथे एका खांबावर माकड न्यायाधीश आहे. एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू, आणि पारडी तिरकी! दुसरीकडे वकिलाचे गळपट्टे बांधलेला कोल्हा. आख्यायिका अशी की, बांधकामातला एक पारशी उपकंत्राटदार मुख्य कंत्राटदाराविरुद्धचा दावा हरला आणि त्यानं हा राग दगडात कायमचा नोंदवला. खरंखोटं काहीही असो, तो तराजू कोणीही सरळ केला नाही. त्याच इमारतीत 1897 साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालणार आहे, हे आज इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. पुन्हा एकदा त्या पट्टीकडे बघून घ्या.

आता आजच्या गर्दीत परत या. स्टेशनचं नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. घड्याळाखालचा राणीचा पुतळा गेला, त्याचा कोनाडा राहिला. वाघ आणि सिंह जागेवर आहेत. मोरही आहे. पण ज्या मऊपणामुळे पोरबंदरचा दगड निवडला, त्याच मऊपणामुळे तो खाऱ्या हवेत, धुरात आणि पावसात लवकर झिजतो. डागडुजी होते, तरी एकदा झिजलेली कड परत येत नाही.

म्हणून लोकल पकडायला धावताना एखाद्या दिवशी दहा मिनिटं लवकर निघा. महापालिकेच्या बाजूनं रस्ता ओलांडा, घरातलं एखादं पोर बरोबर घ्या आणि त्याला सांगा, आधी मोर शोध, मग माकडं. मोठ्यांपेक्षा मुलांना ती आधी सापडतात.