आपल्या बागेची बिनसिमेंटची भिंत

स्मरणिकेसाठी संस्थेच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं. नोंदणी, पहिली कमिटी, कन्व्हेयन्स, लिफ्टचं रामायण हे सगळं चिटणिसांच्या लेखात येईलच. मी लिहिणार आहे ते बागेच्या खालच्या कडेच्या भिंतीबद्दल. रौप्यमहोत्सवानिमित्त जे रंगकाम निघालं आहे, त्याच्या यादीत "बागेच्या भिंतीच्या दर्जा सिमेंटने भरणे" अशी एक ओळ आहे. ती सभेपुढे मंजुरीला येण्याआधी या भिंतीची कुळकथा सभासदांना ठाऊक असलेली बरी.

कुळ जुनं आहे. अंबरनाथचं शिवमंदिर इ. स. १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. सिन्नरचं गोंदेश्वर यादवांच्या काळातलं. आपण दोघांनाही सरसकट हेमाडपंती म्हणतो. (हेमाद्री तेराव्या शतकातला, म्हणजे अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) दगडाला खाचा पाडून दगडात दगड बसवायचा, मध्ये चुना नाही, ही ती पद्धत.

पण देऊळ हे श्रीमंत नातेवाईक झालं. आपल्या भिंतीचा सख्खा पूर्वज शेतात आहे. देशावर उताराच्या रानात दगडाची ताल घालतात, कोकणात गडगा रचतात. नोकरीत असताना शेती कर्जाच्या पाहणीसाठी मी अशा तालींवरून पुष्कळ हिंडलो आहे. खाली मोठे दगड, वर लहान, तोंड आतल्या बाजूला किंचित कललेलं आणि फटींत चिपा मारलेल्या. सिमेंटचा कण नाही. पावसाळ्यात पाणी फटींतून झिरपून जातं आणि माती मागे राहते. एखाद्या वर्षी चार दगड ढासळतात, शेतकरी सकाळी जाऊन ते परत रचतो. वडार आणि बेलदार मंडळींनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या हातात सांभाळली, कुठल्या कॉलेजात ती शिकवली गेली नाही. तिकडे पेरू देशात माचू पिच्चूला इंका लोकांनी पंधराव्या शतकात डोंगरउतारावर अशाच पायऱ्या बांधल्या. वर शेतीची माती, तिच्याखाली वाळू-खडीचा थर आणि तळाशी दगडांचे तुकडे. पाणी कुठून बाहेर जाणार ते त्यांनी आधी ठरवलं होतं. युरोपातल्या आठ देशांच्या बिनचुन्याच्या दगडी बांधणीला युनेस्कोने २०१८ साली वारशाच्या यादीत घेतलं.

मग सिमेंट आलं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, इंग्लंडमधलं. सिमेंटने भिंत एकसंध झाली, आणि आपल्याला वाटू लागलं की एकसंध म्हणजे मजबूत. घराच्या भिंतीला ते खरंही आहे. माती अडवणाऱ्या भिंतीचं गणित मात्र वेगळं. सहा फूट उंच भिंतीच्या मागे पाणी काठोकाठ साचलं, तर भिंतीच्या प्रत्येक फूट लांबीवर सुमारे ५०० किलोचा रेटा येतो. हा नुसत्या पाण्याचा, मातीचा वेगळा. म्हणून सिमेंटच्या भिंतीत पाणी जायला भोकं ठेवतात. ती भोकं गाळाने, मुळांनी आणि रंगाऱ्यांनी बुजतात.

आपली मूळ भिंत अशीच होती. बिल्डरने बांधलेली, डबर आणि सिमेंटची, मागे खडी न भरता खोदाईतली काळी मातीच लोटलेली. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने भिंतीने मध्यभागी पोट काढलं. वरून, बागेतल्या बाकावरून, ते दिसत नसे. दिसायचं ते खालच्या गल्लीतून, आणि खालच्या गल्लीत आपण सहसा जात नाही. तिथे पत्र्याची घरं आहेत. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या दोघीतिघींचा संसार त्याच घरांत आहे.

२९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर कोंढव्यात मुसळधार पावसात एका सोसायटीची भिंत खालच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. बहुतेक सगळे बिहारहून आलेले बांधकाम मजूर. तीनच दिवसांनी मालाडला तसंच घडलं, तिथे बळी त्याहून जास्त. त्यानंतर भरलेल्या आपल्या विशेष सभेला पहिल्यांदाच पहिल्या घंटेला कोरम झाला. ओळंबा लावून पाहिलं, तर भिंत चार इंच पुढे आलेली होती.

स्ट्रक्चरल इंजिनिअरने सुचवलं ते काँक्रीटच्या ठोकळ्यांचं, सिमेंट न लावता रचायचं काम. सभेत हशा पिकला. "पोरांचा खेळ आहे का?" असा प्रश्न इतिवृत्तात नोंदलेला आहे, कोणाचा ते लिहीत नाही. पण ही कल्पना नवखी नव्हती. हेन्री विदाल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १९६० च्या दशकात दाखवून दिलं होतं, की मातीत पट्ट्या अंथरल्या तर माती स्वतःलाच धरून ठेवते. समुद्रकाठच्या वाळूत पाइनच्या काड्या खोचताना त्याला हे सुचलं, असं सांगतात. पुढे लोखंडी पट्ट्यांच्या जोडीला प्लास्टिकची मजबूत जाळी आली, जिओग्रिड. आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत बागांच्या भिंतींसाठी एकमेकांत अडकणारे काँक्रीटचे ठोकळे बाजारात आले. म्हणजे तालीचं शहाणपण साच्यात घालून परत आलं.

आपल्या भिंतीचं पोटातलं काम आता दिसत नाही, म्हणून लिहून ठेवतो. खाली चर खणून खडी ठोकून बसवली, काँक्रीटचा पाया नाही. ठोकळ्यांचा पहिला थर पूर्ण जमिनीत आहे. तो पाणसळीत बसवायला दोन दिवस गेले आणि वरचे नऊ थर तीन दिवसांत चढले. गवंडी म्हणाला, "खालचा थर चुकला की वरचे सगळे चुकतात." प्रत्येक थर खालच्यापेक्षा पाऊण-एक इंच मागे आहे, त्यामुळे भिंत बागेकडे रेलते. मागे फूटभर जाडीची स्वच्छ खडी, तिच्या आणि मातीच्या मध्ये गाळ अडवणारं कापड, तळाला भोकं पाडलेला पाइप. दर दोन-तीन थरांनंतर जाळी मागच्या मातीत चार फुटांहून आतपर्यंत अंथरलेली आहे. तिच्यावर मुरूम घालून ठोकला. काळी माती फक्त वर, हिरवळीपुरती.

तेव्हा दर्जा भरण्याविषयी. त्या दर्जा राहून गेलेल्या नाहीत, मुद्दाम उघड्या ठेवलेल्या आहेत. त्यांतून गवताची पाती डोकावतात हे खरं, हाताने उपटून टाकावीत. सिमेंट भरलं की खडीतलं पाणी पुढच्या बाजूने निघायची वाट बंद होते. शिवाय ठोकळे थोडे हलतात-बसतात, ते सिमेंट वर्ष-दोन वर्षांत तडकून आणखी भिकार दिसेल ते निराळंच. यादीतली ती ओळ काढावी, अशी माझी लेखी सूचना कमिटीकडे दिली आहे. तसंच भिंतीपासून सहा फुटांच्या आत महोत्सवी वृक्षारोपणाचे खड्डे घेऊ नयेत, कुदळ थेट जाळीवर पडेल.

पाइपचं तोंड पार्किंगच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या मागे आहे. मोठा पाऊस थांबल्यावरही त्यातून बराच वेळ बारीक धार चालू असते. मागच्या आठवड्यात तिथे कोणीतरी तुळशीची जुनी कुंडी टेकवून ठेवलेली होती. मी वॉचमनला सांगून ती हलवली आहे. ज्यांची असेल त्यांनी जिन्याखालून घेऊन जावी.