भाग २७ : तोंडातला कॅमेरा आणि शिकणारा हात

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केले आहेत.)

आजचा भाग दातांबद्दल आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. यात युद्ध आहे, समुद्री शेवाळ आहे, झुरिचमधले दोन मित्र आहेत आणि माझ्या बाबांची एक दाढ आहे.

दाढेपासूनच सुरू करतो. मागच्या वर्षी बाबांना खालच्या जबड्यात चार दातांचा ब्रिज बसवायचा होता. क्लिनिकमध्ये नवीन स्कॅनर आलेला. पेनासारखी जाडसर कांडी तोंडात फिरते आणि स्क्रीनवर दात रंगीत उमटत जातात. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मी तर हरखूनच गेलो. आठवड्याने ब्रिज आला. बसवला, आणि एका बाजूने डुगडुगला. पुन्हा स्कॅन. तिथली तरुण डॉक्टर बाबांना म्हणाली, "काका, मशीन ठीक आहे. माझा हात अजून नवीन आहे. आज मी सावकाश करते."

बाबांना ते आवडलं. मला मात्र प्रश्न पडला. कॅमेरा आहे, अल्गोरिदम आहे, मग हाताचा काय संबंध? तो शोधत गेलो आणि हा भाग तयार झाला.

आधी जुना जमाना. दाताचं माप घ्यायचं म्हणजे काहीतरी मऊ पदार्थ तोंडात दाबायचा, घट्ट झाला की काढायचा आणि त्यात प्लास्टर ओतायचं. १८५७ च्या सुमारास लंडनच्या चार्ल्स स्टेंट नावाच्या दंतवैद्याने असाच एक पदार्थ सुधारून बाजारात आणला. हृदयात घालतात त्या 'स्टेंट'चं नाव याच माणसाकडे जातं! पुढे १९२० च्या दशकात अगार आलं. हे समुद्री शेवाळापासून बनतं, आणि त्याचा पुरवठा मुख्यतः जपानमधून. दुसऱ्या महायुद्धात तो आटला, आणि दुसऱ्या एका शेवाळापासून बनणारं अल्जिनेट पुढे आलं. तोंडात गुलाबी लगदा भरलेला ट्रे घेऊन उलटी आवरत तुम्ही कधी बसला असाल, तर बहुधा ते हेच.

इथेही हात लागायचाच. पाणी जास्त झालं, ट्रे लवकर काढला, प्लास्टर ओतायला उशीर झाला, की माप बिघडलं. आणि बिघडलंय हे कळायचं कधी? कॅप बसेनाशी झाली की.

आता १९७३. फ्रान्समधलं ल्यों शहर. फ्रांस्वा द्युरे नावाचा तरुण दंतवैद्यकाचा विद्यार्थी प्रबंध लिहितो. विषय काय, तर प्रकाशाने दाताचं माप घ्यायचं. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं! लोकांना ती कल्पनाकथाच वाटली असणार. पण १९८५ मध्ये त्याने आपल्या पत्नीच्या दातासाठी तासाभराच्या आत कॅप तयार करून बसवून दाखवली. डेमो द्यायचा तर घरच्याच माणसाच्या तोंडात. हिंमत लागते राव.

त्याच वर्षी, १९ सप्टेंबर १९८५ रोजी, झुरिच विद्यापीठात दुसरी घटना घडली. वेर्नर म्योरमान हा दंतवैद्य आणि मार्को ब्रांदेस्तिनी हा त्याचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर मित्र. म्योरमानची अडचण साधी होती. पेशंटना चांदीऐवजी दाताच्या रंगाचं फिलिंग हवं होतं, पण तेव्हाचं रेझिन घट्ट होताना आकसायचं. मग सिरॅमिकचा नेमका तुकडा त्याच बैठकीत बनवून चिकटवला तर? त्या दिवशी त्यांनी असा पहिला तुकडा पेशंटच्या दातात बसवला. यंत्राचं नाव सेरेक.

आता गंमत ऐका. हे 'ऑटोमॅटिक' यंत्र डॉक्टरकडून काय काय मागायचं? दात चकाकतो, म्हणून त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर मारायची. थर जाड झाला तर माप चुकलं. तुकडा ज्या दिशेने आत जाणार, त्याच दिशेने कॅमेरा धरायचा. हात हलला तर चित्र बिघडलं. पोकळीची कड स्क्रीनवर स्वतः आखायची. आणि चावायचा वरचा भाग तर यंत्र बनवायचंच नाही, तो चिकटवल्यावर डॉक्टरने हाताने कोरायचा. म्हणजे कौशल्य गेलं नव्हतं. लगदा कालवण्यातून ते कॅमेरा धरण्यात आलं होतं, एवढंच.

पुढचा टप्पा २००० नंतरचा. एमआयटीमधून निघालेली ब्रॉन्टेस ही कंपनी थ्रीएमने २००६ मध्ये घेतली, आणि त्यातून व्हिडिओसारखा सलग टिपणारा स्कॅनर आला. इस्रायलच्या आयटेरोने पावडर काढून टाकली, पण सुरुवातीच्या मॉडेलमध्ये पायाने पेडल दाबून एकेक फ्रेम घ्यावी लागायची. मग डेन्मार्कच्या थ्रीशेपचा ट्रायॉस आला. आज क्लिनिकमध्ये दिसतं ते साधारण या पिढीचं.

आणि इथे माझ्या आवडीचा भाग येतो. कांडीला एका वेळी दाताएवढाच तुकडा दिसतो. मग अख्खा जबडा कसा तयार होतो? सॉफ्टवेअर शेजारचे तुकडे एकमेकांवर सरकवून जुळवतं. या प्रकारची पद्धत बेसल आणि मॅके यांनी १९९२ मध्ये मांडली आणि ती आयसीपी नावाने प्रसिद्ध आहे. रोबोटिक्सवाल्यांना ती पाठ असेल.

पण गावाकडच्या जमिनीची मोजणी आठवा. साखळी पुन्हा पुन्हा टाकत जायचं. प्रत्येक वेळी बोटभर चूक झाली, तर शेताच्या टोकाला किती होईल? तोंडातही तसंच. एका दाढेपुरतं माप छान येतं. पण उजव्या अक्कलदाढेपासून डाव्या अक्कलदाढेपर्यंत तुकडे जोडत गेलं की चुका साचतात. त्यात लाळ आली, जीभ आली, गाल मध्ये आला, तर जुळवणी आणखी घसरते.

आकडे बघू. 'अचूक' या एका शब्दात दोन गोष्टी लपलेल्या असतात. बोलरने सहाही चेंडू एकाच जागी टाकले, पण स्टंपच्या वीतभर बाहेर, तर सातत्य आहे, नेम नाही. मापातही नेम आणि सातत्य वेगवेगळं मोजतात. झुरिचच्याच एंडर आणि मेल यांनी २०१३ मध्ये प्रयोगशाळेत पूर्ण जबड्याची मापं तपासली. पारंपरिक पद्धतीत नेमाची चूक सुमारे २० मायक्रॉन, तर तेव्हाच्या डिजिटल पद्धतीत सुमारे ५९. म्हणजे पूर्ण जबड्यासाठी जुना लगदा पुढे होता! कॅपच्या कडेला किती फट चालते याचा बहुतेक जण देतात तो आकडा १२० मायक्रॉन, मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांच्या १९७१ च्या अभ्यासातला. ५९ हे १२० पेक्षा कमीच आहे, पण माप ही पहिली पायरी. पुढे डिझाइन, मिलिंग, चिकटवणं, प्रत्येकाची आपली चूक असते. आणि लांब ब्रिजमध्ये थोडा पीळ आला तरी तो डुगडुगतो. आता कळलं बाबांचं काय झालं असावं?

२०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी एकच स्कॅनर घेऊन वरच्या जबड्याच्या मॉडेलवर कांडी तीन वेगवेगळ्या वाटांनी फिरवली. नेमात ठळक फरक पडला नाही, पण सातत्यात पडला. गालाकडून सुरुवात केली तर सुमारे ३५ मायक्रॉन, चावायच्या बाजूने आणि टाळूकडून सुरुवात केली तर सुमारे ८. मशीन तेच, सॉफ्टवेअर तेच, फक्त वाट वेगळी. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

मग शिकायला किती सोपं आहे? हार्वर्डमध्ये दुसऱ्या वर्षाच्या ३० विद्यार्थ्यांनी मॉडेलवर एका इम्प्लांटचं माप दोन्ही पद्धतींनी घेतलं. २०१३ मध्ये छापलेला निकाल: जुन्या पद्धतीला सरासरी २४ मिनिटं ४२ सेकंद, स्कॅनरला १२ मिनिटं २९ सेकंद. विद्यार्थ्यांना स्कॅनरच सोपा वाटला. दुसऱ्या एका अभ्यासात २९ डेंटल हायजिनिस्टनी दोन स्कॅनरवर पुन्हा पुन्हा स्कॅन केलं. सरावाने वेळ कमी झाला, पण दोन्ही मशीनवर शिकण्याचा वेग सारखा नव्हता.

पण वेग कमावणं आणि अचूकता कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेग लगेच कळतो, घड्याळ समोर असतं. मायक्रॉनमधली चूक स्क्रीनवर दिसत नाही. उलट, बारीक भोकं असतील तर सॉफ्टवेअर ती गुळगुळीत भरून टाकू शकतं, आणि चित्र आणखीच सुंदर दिसतं. आम्ही कोडवाले हे ओळखतो. सगळे टेस्ट हिरवे, आणि प्रॉडक्शनमध्ये आग.

इथे मात्र रोलबॅक नाही. ब्रिजसाठी घासलेला दात परत उगवत नाही. म्हणून त्या डॉक्टरचं "माझा हात नवीन आहे" हे वाक्य मला मोलाचं वाटतं. ती मशीनमागे लपली नाही. आणि स्कॅनरचा खरा फायदाही त्यातच आहे. लगद्यात चूक झाली तर सगळं पुन्हा. इथे चुकलेला भाग तिथल्या तिथे पुसून परत टिपता येतो, स्क्रीनवर मोठा करून बघता येतो. शिकणाऱ्या हाताला इतकी स्वस्त दुसरी संधी पूर्वी नव्हती. फक्त ती घ्यायची सवय हवी.

दुसऱ्या वेळी तिने तेच केलं. दात पुन्हा कोरडे केले, चावायच्या बाजूने सुरुवात केली, कडा झूम करून बघितल्या, एक भाग पुसला, परत टिपला. बाबा कंटाळून हाताने "अजून?" विचारत होते. ब्रिज आला आणि बसला. परवा त्यांनी भाजलेलं कणीस खाल्लं, आईने डोळे वटारले तरी.

तर मंडळी, तुमच्यावर स्कॅनरची वेळ आली तर घाई करू नका आणि डॉक्टरलाही करायला लावू नका. एका कॅपसाठी निश्चिंत राहा. लांब ब्रिज किंवा पूर्ण जबडा असेल, तर "डॉक्टर, हे माप नीट आलंय हे कसं तपासणार?" एवढं बिनधास्त विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

तुमच्या दातांचे किस्से व्हॉइस नोटने पाठवा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, रात्री ब्रश करा!