विकत घेतलेल्या घराची परीक्षा

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण बांधणाऱ्याचे कष्ट सांगते. बांधलेलें घर विकत घेणाऱ्यास ती कांहीं शिकवीत नाहीं.

भूमि पारखण्याची रीत मात्र जुनी आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत सांगितलें, कीं हातभर खड्डा खणून तीच माती त्यांत परत भरावी. उरली तर भूमि उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, अपुरी पडली तर अशुभ. भिंती व छप्पर यांची पारख पुढें गवंडी-सुतारांच्या नजरेवर राहिली.

सोलापूरकडील जुन्या माळवदी घरांत त्या नजरेची कसोटी लागे. तुळयांवरील मातीचा थर उन्हाळ्यांत गारवा देई; पण वरचेवर नवी माती पडून ओझें वाढे, आणि तुळईस आंतून लागलेली वाळवी बाहेरून दिसत नसे. काळ्या जमिनींत तर पायाहि हलतो, कारण ती पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें, घेणाऱ्यास साधारण काळजीनें न कळणारा पण स्वतःस ठाऊक असलेला मोठा दोष सांगणें विकणाऱ्यावर बंधनकारक केलें. दिसणारा दोष घेणाऱ्यानेंच पाहावयाचा. विकणाऱ्यासहि ठाऊक नसलेल्या दोषाचें काय?

त्याचें उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळालें. किल्लारीच्या भूकंपांत मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या, जड माळवदें निजलेल्यांवर कोसळलीं, हजारों माणसें दगावलीं. दोष पिढ्यान् पिढ्या डोक्यावर होता. तो दोष आहे हेंच कोणास ठाऊक नव्हतें.

वकील खरेदीखत तपासतो. तुळई, भिंत आणि पाया तपासावयास जाणता अभियंताच हवा, आणि तोहि सही होण्यापूर्वीं.